बिनबायकांचं लग्न आणि सतरावा नियम

पाइक क्रीक, इंडियाना
२२ एप्रिल

तीर्थरूप लव्हर्नताईस,

इंडियानाच्या चिखलातून अ‍ॅरिझोनाच्या उन्हाला धाकट्या डेलबर्टचा साष्टांग नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी करत नाही, कारण तो नवा बसवलेला आहे आणि त्याला वीस वर्षं मरण नाही हे तू दर फोनला सांगतेसच. हार्लनभाऊजींचं कानातलं यंत्र सापडलं का? (सापडलं असेल तर त्यांना इतक्यात सांगू नकोस. गेल्या फोनवर त्यांचा आवाज फार समाधानी वाटला.) तुमच्या अंगणातलं झाडाएवढं निवडुंग पडलं आणि त्याखाली शेजाऱ्याची मोटार चेपली, हे वाचून वाईट वाटलं. इथे आमची तब्येत ठीक. साखरेमुळे डॉक्टरांनी मला सफरचंदाचा गोड पाय बंद केलाय, म्हणून मी तो आता उभ्याने खातो.

हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अडतीस वर्षांत मी तुझ्याकडे काहीही मागितलेलं नाही. शेवटचं जे मागितलं होतं त्याचं पुढे काय झालं हे आपल्या दोघांनाही चांगलं आठवतंय, तेव्हा तो विषय नको.

लिहायचं कारण इतकंच, की आपल्या ग्रंथालयाविरुद्ध इंटरनेटवर जे निवेदन फिरतंय त्यावर मला तुझी सही दिसली. एकशे चौदावी. आपल्या गावाची वस्ती दोन हजार, त्यातली शंभरेक माणसं थडग्यात असूनही मतदारयादीत आहेत, आणि निवेदनावर सह्या साडेआठ हजार. अलास्कातून आहेत, हवाईतून आहेत. पाइक क्रीकच्या बालविभागाची काळजी एवढ्या लांबच्या लोकांना वाटते हे पाहून ग्रंथालय मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मला भरून आलं. (यातल्या निम्म्यांनी जरी वर्षाला एक पुस्तक नेलं असतं, तर!) पण ताई, सहीपुढे तू ‘एक चिंतित माता’ असं लिहिलं आहेस. तुझा रँडी त्रेपन्न वर्षांचा आहे. त्याला कोण गोष्टी वाचून दाखवतंय?

असो. तुला निम्मीच हकीकत कळलेली दिसते. ती भाऊजींच्या टीव्हीवरून कळलेली असणार, म्हणून पूर्ण सांगतो.

बालविभाग सांभाळणारी नदीन प्रूइट तुला माहीत नाही. तू गाव सोडल्यावर आली. माझ्या एकोणीस वर्षांच्या अध्यक्षपणात बालविभागात सहा जणी आल्या आणि गेल्या. एकीला मुलं आवडायची नाहीत, एकीला पुस्तकं, आणि एक तर धुळीच्या अ‍ॅलर्जीने पहिल्याच आठवड्यात सुजली. नदीन टिकली. आमची नात हॅटी आता सात वर्षांची आहे. तिची जीभ अडते, हे तुला कळवलं होतं. एका शब्दावर अडली की मागे बसलेला वर्ग हसतो, मास्तरीण घड्याळाकडे बघते, आणि आजोबा मायेपोटी तो शब्द स्वतःच म्हणून टाकतात, जे सगळ्यात वाईट. या वर्षी तिने वर्गात वाचायचं बंदच केलं. मोठ्याने वाचते ती फक्त नदीनपुढे, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, दार लावून.

नोव्हेंबरात नदीनने कीथ ओबरमायरला बोलावलं. कीथ इव्हान्सव्हिलला एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करतो आणि शनिवारी मिस पर्ल बटन या नावाने बाईचा वेष करून मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. जांभळा झगा, मोत्यांच्या सात माळा आणि डोक्यावर केसांचा इतका उंच टोप की आमच्या दारातून येताना तिला गुडघ्यात वाकावं लागतं. पहिल्या वेळी एकोणीस मुलं होती. एका हट्टी बदकाची गोष्ट झाली, शेवटी सगळ्यांनी आ करून दाढा दाखवल्या, आणि मिस पर्लने चौघांच्या आयांना हळूच चिठ्ठ्या दिल्या की दाताला कीड आहे, दाखवून घ्या. आमच्याकडे तक्रार एकच आली. बदकाच्या आवाजामुळे वर्तमानपत्रांच्या टेबलावर झोपलेले तीन सभासद जागे झाले.

असे तीन शनिवार झाले. तिसऱ्याला हॅटीने हात वर केला. तिला बदकाचं नाव विचारायचं होतं, आणि बदकाच्या ‘ब’वरच ती अडली. मी मागे उभा होतो. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. पण मिस पर्लने पुस्तक मांडीवर ठेवलं, मोत्यांशी चाळा करत शांत बसली, जणू तिला जगात दुसरं कामच नाही, आणि शब्द आल्यावर म्हणाली, “छान प्रश्न आहे. मी टोप घातला की मलाही शब्द सापडायला वेळ लागतो.” घरी येताना हॅटी म्हणाली, “आजोबा, ती घड्याळ घालत नाही.” त्यानंतर ठरलं की अकरा मेला, उन्हाळी वाचनाच्या पहिल्या दिवशी, हॅटी मिस पर्लच्या शेजारी बसून एक पान सगळ्यांपुढे वाचणार. पान तिने स्वतः निवडलं. त्यात ‘ब’ चौदा आहेत.

मग कुणीतरी मिस पर्लचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि जगाला आमचा पत्ता मिळाला.

ताई, मार्चमध्ये तू इथे हवी होतीस. एका शनिवारी आमच्या बालविभागाच्या खिडकीखाली दोनशे माणसं. विरोधाचे अर्धे आपले, अर्धे बाहेरचे. पाठिंब्याचे जवळजवळ सगळे विद्यापीठाच्या गावातून बसने आलेले. विरोधकांत एक गडी लष्करी कपडे घालून, कमरेला पिस्तूल लावून दोन जिल्हे ओलांडून आला होता, मुलांचं रक्षण करायला. तो बालविभागातल्या खुर्चीवर बसला (खुर्ची पाच वर्षांच्या मापाची) आणि त्याला उठता येईना. शेवटी हॅटीने एक हात आणि नदीनने दुसरा धरून त्याला सोडवला. पाठिंब्यातल्या एका तरुण मुलीने माझा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की मी एकटा नाही. मला ते माहीत होतं. माझ्या अंगणातल्या हिरवळीवर तेव्हा चाळीस जण उभे होते. तिने आमच्या धैर्याचं कौतुक केलं आणि ओटचं दूध कुठे मिळेल म्हणून विचारलं. मी तिला घोड्यांच्या खाद्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

दोन्हीकडच्या मोटारी लुथरन चर्चच्या आवारात लागल्या होत्या, आणि लुथरन बायका काही तत्त्वांसाठी जन्माला आलेल्या नाहीत. त्यांनी दुपारी बारा वाजता तळघर उघडलं आणि बटाट्याच्या लगद्यावर कोंबडीच्या शेवया घालून दोन्ही पक्षांना वाढल्या. फलक दारात ठेवून सगळे आत. जेवून बाहेर येईपर्यंत पाऊस झालेला, शाई ओघळलेली, कुणाचा फलक कुणाचा ते कळेना. व्हर्लिन पोटीट घरी जाऊन बघते तो तिच्या हातात पाठिंबेवाल्यांचं इंद्रधनुष्य.

व्हर्लिन तुला आठवतेच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, रविवारच्या शाळेत शिकवते, आणि विरोधाची पुढारी तीच. बाहेरच्यांसारखी ती आरडाओरडा करत नाही. तिला मनापासून वाटतं की मुलांचा गोंधळ होईल. मी तिला म्हटलं, मुलांचा गोंधळ तर अपूर्णांकांनीही होतो. तर म्हणाली, “अपूर्णांक लिपस्टिक लावत नाहीत, डेलबर्ट.”

सोळा एप्रिलला मंडळाची सभा झाली. बोलणाऱ्याला प्रत्येकी तीन मिनिटं, आणि वेळ मोजायला आमचं अंडी उकडायचं कोंबडीच्या आकाराचं घड्याळ. तीन मिनिटं झाली की कोंबडी ओरडते. त्या दिवशी ती एकेचाळीस वेळा ओरडली. नरकाचं वर्णन करणारा एक गृहस्थ अगदी ज्वाळांपर्यंत पोचला आणि कोंबडी कोकलली. माणसाचं स्वातंत्र्य जन्मसिद्ध आहे असं म्हणणाऱ्या प्राध्यापकाचं स्वातंत्र्यसुद्धा तिने मध्येच तोडलं. एवढी निष्पक्ष कोंबडी मंडळावर घ्यायला हवी.

कीथ साधी खाकी विजार आणि कोट घालून आला होता आणि नेमकी रिकामी खुर्ची होती व्हर्लिनशेजारी. टोपाशिवाय त्याला ओळखलं ते फक्त मी आणि नदीनने. व्हर्लिनने आपल्या लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला.

“घे रे बाळा. तू इथला दिसत नाहीस.”

“इव्हान्सव्हिलहून आलोय, काकू.”

“एवढ्या लांबून? कुणासाठी?”

“मुलांसाठी.”

“मीसुद्धा,” म्हणून व्हर्लिनने त्याला कोपऱ्यातली वडी दिली. (कोपऱ्यातली! मला चाळीस वर्षांत मिळालेली नाही.) मग दोघं अर्धा तास गुडघ्याला गुडघा लावून बोलत बसले. तिने त्याला हिरडी दाखवली. त्याने सांगितलं, या आठवड्यातच डॉक्टरकडे जा. तेवढ्यात मी पुढचं नाव पुकारलं, कीथ ओबरमायर, म्हणजेच मिस पर्ल बटन. त्याने उरलेली वडी रुमालात नीट गुंडाळली आणि उभा राहिला. व्हर्लिनचा चेहरा तू पाहायला हवा होतास. “अरे देवा,” ती म्हणाली, “आणि आईने किती छान वळण लावलंय!”

कीथ तीन मिनिटांतलं एकच मिनिट बोलला. म्हणाला, एका मुलीला मी शब्द दिलाय की अकरा तारखेला तिच्या शेजारी बसेन, बाकी तुम्ही ठरवा. मुलीचं नाव त्याने घेतलं नाही. मी कागद चाळत राहिलो.

मग ठराव आला. नियम सतरा: ग्रंथालयाच्या आवारात कोणीही पुरुष स्त्रीवेषात वाचन, गायन किंवा अन्य काही सादर करणार नाही. यावर अग्निशामक दलाचा बड यॉकी उठला. (वय ब्याऐंशी. आग लागली की आता त्यालाच आधी बाहेर काढावं लागतं.) म्हणाला, मग बालविभागाच्या भिंतीवरच्या फोटोचं काय करायचं?

तो फोटो, ताई, तू ओळखलासच. बालविभागाच्या छपराला पैसे जमवायला गावाने तिकीट लावून केलेलं लग्नाचं नाटक, बिनबायकांचं लग्न, ज्यात नवरीसुद्धा पुरुषच. वऱ्हाडातले बाराही जण गावातले प्रतिष्ठित पुरुष, करवल्या सहा, त्यात बँकेचा व्यवस्थापक आणि दोन पाद्री. बड फुलं उधळणारी छोटी मुलगी झाला होता, मिशांसकट. हॉल दोन दिवस भरला, छप्पर झालं, आणि त्याच छपराखाली बसून मंडळ आता हे ठरवत होतं.

“ते वेगळं होतं, बड,” व्हर्लिन म्हणाली.

“कसं वेगळं? तूच तर ऑर्गन वाजवलास. लिपस्टिकही तूच लावलीस.”

“ते छपरासाठी होतं. आणि तुम्ही सगळे भयंकर दिसत होता.”

“म्हणजे याचा दोष काय? हा चांगला दिसतो?”

व्हर्लिनने यावर खरोखर विचार केला, हे तिच्या बाजूने नोंदवतो. म्हणाली, “हो. तोच दोष आहे.”

आमचे वकील स्प्रेग यांनी लगेच तोड काढली, कारण त्यांना घरी जायचं होतं. पोटकलम ब: ज्यांनी पूर्वी याच ग्रंथालयाच्या भल्यासाठी असा वेष करून सादरीकरण केलं आहे, त्यांना हा नियम लागू नाही. जुनं ते चालू, नवं ते बंद. या देशात अडचण सोडवायची हीच आमची रीत. कीथचे तीन शनिवार बसतील का, कुणीतरी विचारलं. स्प्रेग म्हणाले, छपरासाठी केलेलं ते भलं, बदकाची गोष्ट हा नुसता कार्यक्रम. मतं पडली तीन विरुद्ध तीन. राहिलो मी.

मी ठरावाच्या बाजूने मत दिलं.

आता तू म्हणशील, शाबास. फोनवर म्हणालीसही. माझा हिशेब सोपा होता. फोटो भिंतीवर राहील, पिस्तूलवाले घरी जातील, बस परत येणार नाही, आणि व्हर्लिन मला रविवारी चर्चच्या दारात हात देईल. दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या की अध्यक्षाने आपलं काम चोख केलं असं समजतात. कोंबडी ओरडली आणि सभा संपली. कीथने जाताना माझ्याशी हात मिळवला. माझ्या कवळीकडे बघून म्हणाला, डावीकडे सैल झालीय, बघून घ्या.

घरी येऊन मी हॅटीला सांगितलं. ती रडली नाही. तिने ते पान नदीनला परत देण्यासाठी दप्तरात ठेवलं. आता तर ती मागच्या खोलीतही वाचत नाही. नदीनला लुइव्हिलच्या मोठ्या ग्रंथालयातून बोलावणं आलं आहे. मे महिन्यापर्यंत कळवायचं आहे. काल ती एक फाइल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली, दोन कप कॉफी प्यायली आणि बराच वेळ माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत बसली. तिचं काय काम होतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाकी सर्व क्षेम. यंदा चिखल फार, मका पेरायला उशीर होणार. भाऊजींना माझा नमस्कार मोठ्या आवाजात सांग. रँडीला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं, झोपण्याआधी गोष्ट ऐकताना सावध राहा.

तुझा धाकटा, तुझ्या पाठीला पाठ लावून आलेला भाऊ,
डेलबर्ट

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडतोय. नदीनचं काम सांगूनच टाकतो. तिने पोटकलम ब ची फाइल काढली. वऱ्हाडातल्या बारा जणांपैकी नऊ देवाघरी गेले. एक पाद्री फ्लॉरिडात आहे आणि तो ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. बड यॉकीला तिने विचारलं. तो आनंदाने तयार आहे, पण चष्मा लावूनही त्याला अक्षर दिसत नाही. म्हणजे पाइक क्रीक ग्रंथालयात स्त्रीवेषात मुलांना गोष्ट वाचण्याचा कायदेशीर अधिकार असलेला आणि वाचू शकणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच उरला. त्या लग्नातली नवरी. मी नदीनला म्हटलं, मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मंडळाचा अध्यक्ष आहे. ती म्हणाली, “मत तुम्हीच दिलंत.” मी नाही म्हणून सांगितलं. माझा नाही पक्का आहे.

ता. ता. क. हॅटी शाळेतून आली. नदीनची फाइल टेबलावरच राहिली होती, वर तो फोटो. तिने विचारलं, ही नवरी कोण. मी सांगितलं. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “तू अ-अ-अजिबात चांगला दिसत नाहीस.” मी शब्द सांगितला नाही, थांबलो. मग तिने विचारलं, अकराला मी बसलो तर माझ्या हातातलं घड्याळ काढून ठेवीन का. दप्तरातलं पान तिने पुन्हा बाहेर काढलं आहे. आत्ता हे लिहितोय तेव्हा ती परसात कोंबड्यांना वाचून दाखवतेय. चौथ्या ‘ब’पर्यंत पोचली आहे.

ता. ता. ता. क. तर, ताई, अडतीस वर्षांपूर्वी जे मागितलं होतं तेच. तुझ्या लग्नाचा पांढरा साटिनचा झगा. तू तो अ‍ॅरिझोनाला नेलास हे मला माहीत आहे, आणि गुच्छ उचलायला वाकलो तेव्हा पाठीमागे जे फाटलं ते तू अजून शिवलेलं नाहीस, पुरावा म्हणून तसंच ठेवलंस, हेही भाऊजींनी सांगितलंय. आता शिव. दोन्ही बाजूंना खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या तूच घातल्या होत्यास, त्या असू दे, आणि कंबरेत आणखी सहा इंच सोड (गोड पाय उभ्याने खाल्ला तरी अंगी लागतो असं दिसतं). कीथ टोप देणार आहे आणि प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसणार आहे, विजार घालून. व्हर्लिनला कळलंय. ती बाहेर फलक घेऊन उभी राहणार आहे, तिचं तत्त्व आहे. पण साडेनऊला आधी आत येऊन लिपस्टिक तीच लावणार, कारण दुसऱ्या कुणी लावली तर मी बरा दिसेन अशी तिला भीती वाटते.

निवेदनावरची सही मागे घे असं मी म्हणत नाही. ती राहू दे, साडेआठ हजारांत एकाने काय होतं. फक्त पार्सल आठ मेच्या आत पोचेल असं बघ, आणि पाठवणाऱ्याच्या जागी ‘एक चिंतित माता’ असंच लिही. टपालातला माणूस विश्वासाने आणून देईल.